जुन्या गेम डिस्क एक्सटर्नल हार्ड ड्राइव्हवर कशा घ्यायच्या? कायदा काय म्हणतो आणि रिद्धपूरच्या पोथ्यांचा याच्याशी काय संबंध?

तुमच्या घरात कपाटात, माळ्यावर किंवा चेनवाल्या सीडी पाउचमध्ये जुन्या गेम डिस्क पडल्या असतील, तर एक काम करा. त्यातली एखादी सीडी काढा आणि बल्बच्या उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर तिथला चमकता थर उडालेला असू शकतो. डेटा वाचला जातो तो याच थरामुळे.

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत पंधरा-वीस वर्षं काढलेली डिस्क अजून चालते, हेच खरं तर विशेष आहे.

मग या डिस्क एक्सटर्नल हार्ड ड्राइव्हवर घेता येतात का? घेतल्यावर त्या कन्सोलवर चालतात का? कायद्यात हे बसतं का? आणि ड्राइव्हवर घेतलं म्हणजे बॅकअप झाला, असं म्हणता येतं का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरमध्ये सापडतं. सातशे वर्षांपूर्वी तिथे लिहिलेल्या एका ग्रंथावर नेमकी हीच वेळ आली होती. तिकडे जाऊच, पण आधी डिस्कपासून सुरुवात करूया.

डिस्क खराब कशी होते?

डिस्क दोन प्रकारच्या असतात. कंपनीतून छापून आलेल्या आणि घरी किंवा दुकानात राइट केलेल्या.

छापलेल्या डिस्कमध्ये पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर बारीक खड्डे उमटवलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. लेझरचा प्रकाश या थरावरून परत येतो आणि त्यावरून डेटा वाचला जातो. कडेने किंवा चिरेतून हवा आणि ओलावा आत शिरला की ॲल्युमिनियम गंजतं. याला ‘डिस्क रॉट’ म्हणतात.

राइट केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात. तिथे रंगद्रव्याचा एक थर असतो आणि राइट करताना लेझर त्या थरावर खुणा करतो. हे रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने हळूहळू बिघडतं. म्हणून मूळ डिस्क जपून ठेवून खेळण्यासाठी वेगळी बॅकअप डिस्क राइट केली असेल, तर बहुतेक वेळा बॅकअपच आधी दगा देतो.

ओरखड्यांबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. आपण चमकती बाजू जपतो आणि छापील बाजूवर बिनधास्त पेनाने नाव लिहितो. पण सीडीचा डेटा छापील बाजूला अगदी चिकटून असतो. त्यावर फक्त लाखेचा पातळ थर आणि शाई असते. तिथे खोल ओरखडा गेला तर डेटाच खरवडला जातो, आणि मग पॉलिश करूनही उपयोग नसतो. डीव्हीडीत डेटा दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून जरा सुरक्षित असते. ब्लू-रेमध्ये डेटा चमकत्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून त्या बाजूवर कडक लेप दिलेला असतो.

एवढा खटाटोप करायचा कशाला?

‘गेम परत डाउनलोड करता येईल की’, असं कोणी म्हणेल. नेहमी येत नाही.

निन्टेन्डो वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. वी यू आणि थ्रीडीएस यांच्या दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. दुकान बंद झालं की तिथला गेम नव्याने विकत घेता येत नाही. हातात डिस्क असेल तर गेम तुमच्याकडे आहे, आणि तोही डिस्क वाचली जाते तोपर्यंतच.

आपल्याकडच्या गेमच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. प्लेस्टेशन २ हा जगात सर्वाधिक विकला गेलेला कन्सोल. २००० मध्ये आला, १५ कोटींहून जास्त विकला गेला आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्याचं उत्पादन थांबलं होतं. भारतात त्याच्यासाठी खास इथले गेम निघाले. २००९ मध्ये हैदराबादला तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला. त्याच सुमारास ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी, पतंगबाजी आणि विटीदांडू होता. २०११ मध्ये ‘रा.वन’ आणि २०१३ मध्ये ‘डॉन २’ या सिनेमांवरचे गेम आले. हे सगळे मुख्यतः भारतीय बाजारासाठी होते. परदेशी गेमच्या प्रती जगभर पसरलेल्या असतात, यांच्या तशा नाहीत. यातली एखादी डिस्क तुमच्या पाउचमध्ये असेल, तर ती सगळ्यात आधी बाहेर काढा.

किती मोठा ड्राइव्ह लागेल?

हिशोब सोपा आहे. सीडीत साधारण ७०० एमबी मावतात. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी, दुपदरी डीव्हीडीत ८.५ जीबी. प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या ब्लू-रे डिस्कमध्ये २५ किंवा ५० जीबी.

म्हणजे प्लेस्टेशन २ च्या ४० डीव्हीडी पूर्ण भरलेल्या धरल्या, तरी १८८ जीबी होतात. ५०० जीबीचा ड्राइव्हही पुरतो. एक टीबीचा घेतलात तर तो विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज सुमारे १०७ कोटी बाइट धरतं, म्हणून आकडा कमी दिसतो.

ड्राइव्ह यूएसबी ३.० चा घ्या. जुन्या यूएसबी २.० पेक्षा तो कितीतरी जलद असतो, आणि नव्या कन्सोलना तर तोच लागतो. लहान, अडीच इंची ड्राइव्ह यूएसबीवरच चालतो. मोठ्या, साडेतीन इंचीला वेगळा ॲडॅप्टर लागतो. म्हणजे कॉपी चालू असताना लाइट गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण मोठा ड्राइव्ह तिथेच बंद पडेल. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही, तिथे लहान ड्राइव्हच बरा.

कॉम्प्युटरवर प्रत कशी काढायची?

ही पद्धत डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचल्या जाणाऱ्या डिस्कसाठी आहे. प्लेस्टेशन १ आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्क साध्या ड्राइव्हमध्ये वाचल्या जातात. गेमक्यूब, वी आणि एक्सबॉक्सच्या डिस्कची रचना वेगळी असते, त्यामुळे साधा ड्राइव्ह त्या पूर्ण वाचू शकत नाही. प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या डिस्कवर कुलूपबंद डेटा असतो. त्यांच्यासाठी खालचे टप्पे लागू होत नाहीत.

१. डिस्क पुसा. मऊ, ओलसर सुती कापड घ्या आणि मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. गोल पुसताना पडलेला ओरखडा डेटाच्या रेषेला समांतर जातो आणि सलग बराच डेटा खातो. आडव्या ओरखड्यामुळे थोडाथोडाच जातो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः दुरुस्त करून घेतो.

२. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. मित्राकडून एका दिवसासाठी आणला तरी काम होतं.

३. डिस्क उघडून आतल्या फाइली ओढून फोल्डरमध्ये टाकू नका. अनेकजण इथेच चुकतात. गेम डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, यालाही महत्त्व असतं. म्हणून पूर्ण डिस्कची ‘इमेज’ काढायची, म्हणजे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी एक फाइल. इमगबर्नसारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. डीव्हीडीची इमेज ‘आयएसओ’ प्रकारची होते. ज्या सीडीवर गाण्यांचे वेगळे ट्रॅक असतात, तिची इमेज ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा जोडीने काढावी लागते. अशा सीडीची नुसती आयएसओ काढली तर गेममधलं संगीत मागे राहतं.

४. वाचताना चूक आली तर ‘दुर्लक्ष करून पुढे जा’ हा पर्याय निवडू नका. सॉफ्टवेअर पुढे जाईल, शेवटी ‘पूर्ण झालं’ असंही दाखवेल, पण मधला तुकडा कोरा राहील. गेम पाचव्या लेव्हलला अडकेल तेव्हा ते कळेल. त्याऐवजी डिस्क पुन्हा पुसा, वेग कमी करा किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं.

५. फाइलला नीट नाव द्या. गेमचं नाव, कन्सोल आणि डिस्कवर छापलेला क्रमांक. ‘न्यू फोल्डर ३’ मधली ‘गेम फायनल’ नावाची फाइल पाच वर्षांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही.

६. हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइलमधला एक बाइट जरी बदलला, तरी हा ठसा पूर्ण बदलतो. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ हॅश मिळतो. तो एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

एका डीव्हीडीला साधारण दहा ते पंधरा मिनिटं लागतात. ओरखडे असतील तर जास्त.

‘फाइल फार मोठी आहे’ असं का येतं?

ड्राइव्हवर भरपूर जागा आहे, तरी ४.७ जीबीची फाइल जात नाही. असं झालं तर ड्राइव्हचा फॉरमॅट तपासा. तो फॅट३२ असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. त्या फॉरमॅटची ती मर्यादाच आहे.

फक्त कॉम्प्युटरवर वापरायचं असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅट निवडा. पण फॉरमॅट बदलला की ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह या कामासाठी घेऊ नका. प्लेस्टेशन ३ बाहेरचा ड्राइव्ह फक्त फॅट३२ मध्येच ओळखतो, हेही लक्षात असू द्या.

कन्सोलला थेट ड्राइव्ह लावला तर?

प्रत्येक कन्सोलचे नियम वेगळे आहेत.

प्लेस्टेशन २: यूएसबीची जागा आहे, पण ती जुन्या १.१ प्रकारची. तिचा कमाल वेग सेकंदाला दीड एमबी. कन्सोलचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह याच्या तिप्पट वेगाने वाचतो. म्हणून यूएसबीवरून गेम चालवणारे ‘व्हिडिओ अडकतो’ अशी तक्रार करतात. इथे महागडा ड्राइव्ह घेऊनही फरक पडत नाही, कारण अडथळा कन्सोलच्या बाजूला आहे. काढलेली इमेज कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स२ सारख्या एम्युलेटरमध्ये चालते. त्यासाठी लागणारी बायोस फाइल मात्र स्वतःच्याच कन्सोलमधून घ्यायची असते.

एक्सबॉक्स ३६०: नोव्हेंबर २००८ च्या अपडेटनंतर पूर्ण डिस्क हार्ड ड्राइव्हवर इन्स्टॉल करता येते. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह २०१० पासून चालतो. सुरुवातीला १६ जीबीची मर्यादा होती, २०१५ मध्ये ती २ टीबी झाली. इन्स्टॉल केल्यावर ड्राइव्हचा आवाज कमी होतो आणि लेझर कमी झिजतो, पण खेळताना डिस्क आत लागतेच.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स: यूएसबी ३.० ड्राइव्ह लागतो. एक्सबॉक्स ३६० ची डिस्क घातली, तर गेम यादीत असल्यास कन्सोल तो इंटरनेटवरून डाउनलोड करतो. डिस्क फक्त मालकीचा पुरावा म्हणून तपासली जाते. सिरीज एक्ससाठी खास बनवलेले गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण खेळण्यासाठी आत आणावे लागतात. सिरीज एसला डिस्कची जागाच नाही.

प्लेस्टेशन ४: मार्च २०१७ च्या अपडेटपासून २५० जीबी ते ८ टीबीचा यूएसबी ३.० ड्राइव्ह चालतो. तो हबमधून न जोडता थेट जोडावा लागतो. डिस्कवरचा गेम खेळायला इथेही डिस्क हवी.

प्लेस्टेशन ५: प्लेस्टेशन ४ चे गेम बाहेरच्या ड्राइव्हवरून खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे गेम एप्रिल २०२१ पासून तिथे ठेवता येतात, खेळता येत नाहीत.

म्हणजे नव्या कन्सोलवर ड्राइव्ह जोडून केलेली कॉपी ही जागा वाढवण्याची सोय आहे. डिस्क तुटली तर ती कॉपी उघडणार नाही.

सेव्ह फाइल विसरू नका

प्लेस्टेशन २ मध्ये तुम्ही कुठपर्यंत पोहोचलात, ते डिस्कवर नसतं. ते ८ एमबीच्या मेमरी कार्डवर असतं. दोनशे तास खेळलेली टीम किंवा लहान भावाने पूर्ण केलेला गेम डिस्कची इमेज काढून वाचत नाही. प्लेस्टेशन ४ वरचे सेव्ह यूएसबीवर घेता येतात. प्लेस्टेशन ५ च्या गेमचे सेव्ह यूएसबीवर जात नाहीत, त्यासाठी पैसे भरून मिळणारं क्लाउड स्टोरेज लागतं. डिस्क पुन्हा बाजारात मिळू शकते, सेव्ह मिळत नाही. म्हणून आधी सेव्ह, मग डिस्क.

आता रिद्धपूर

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं श्रद्धास्थान. गोविंदप्रभू इथे राहिले. चक्रधरस्वामींच्या प्रस्थानानंतर त्यांचे अनुयायी इथेच एकत्र आले. इथेच म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ मानला जातो. राज्य सरकारचं मराठी भाषा विद्यापीठ आता याच गावात सुरू झालं आहे.

म्हाइंभटांची पद्धत बघण्यासारखी होती. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं अशा लोकांकडे जाऊन त्यांनी प्रसंग विचारून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. म्हणजे नुसती नोंद झाली नाही, तपासणीही झाली.

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांवर स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. एवढी मेहनत करून लिहिलेला ग्रंथ गेला. तो पुन्हा उभा राहिला, कारण हिराइसा या साधिकेला तो मुखोद्गत होता. तिच्या आणि इतरांच्या पाठावरून तो पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे नंतरच्या पोथ्यांमध्ये पाठभेद आले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात छापखाने आल्यावर अभ्यासकांना वेगवेगळ्या पोथ्या शेजारी ठेवून, ओळीमागून ओळ पडताळत बसावं लागलं.

तिसरी गोष्ट लिपीची. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. पोथ्या मठांमध्ये सुरक्षित होत्या, पंजाबपर्यंतच्या मठांत पोहोचल्या होत्या, पण बाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ती लिपी बाहेरच्या जगाला उलगडली आणि एवढं मोठं वाङ्मय लोकांसमोर आलं.

यातून गेम डिस्कसाठी तीन गोष्टी घेता येतात.

एक, एकच प्रत म्हणजे बॅकअप नाही. सगळे गेम एका ड्राइव्हवर घेऊन डिस्क रद्दीत दिल्या, तर तुमच्याकडे पुन्हा एकच पोथी उरली. आणि हार्ड ड्राइव्हला हात लागून टेबलावरून पडायला एक क्षण पुरतो. तज्ज्ञ ३-२-१ चा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरच्यासाठी हे अवघड नाही. मूळ डिस्क एक, तुमचा ड्राइव्ह दोन, आणि गावी आईवडिलांकडे किंवा बहिणीकडे ठेवलेला दुसरा ड्राइव्ह तीन.

दोन, प्रत मूळासारखीच आहे का, हे तपासा. हॅश त्यासाठीच असतो. दोन ड्राइव्हवरच्या फाइलींचे हॅश जुळले तर पाठभेद नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ड्राइव्ह लावून हॅश पुन्हा काढा.

तीन, वाचण्याची किल्लीही जपा. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स ड्राइव्ह स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात. तो ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला तर आतलं काहीच दिसत नाही, विंडोज उलट ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. तिथे ‘हो’ म्हणू नका. डेटा तिथे असतो, पण तो वाचणारा फक्त तो कन्सोल आणि तुमचं खातं. म्हणून खात्याचा ईमेल आणि पासवर्डही बॅकअपचाच भाग समजा. कॉलेजच्या काळातला ईमेल बंद पडला असेल, तर आधी तो बदलून घ्या.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. त्याचं कलम ५२(१)(एए) सांगतं की कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, तो नुकसान किंवा नाशापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढू शकतो. तिचा वापर मूळ प्रोग्रॅम ज्यासाठी दिला त्याच कामासाठी करायचा.

या सवलतीच्या मर्यादा नीट समजून घ्या.

पहिली, प्रत तुमच्याकडे कायदेशीरपणे हवी. फुटपाथवरून घेतलेली किंवा पार्लरवाल्याने राइट करून दिलेली पायरेटेड डिस्क ड्राइव्हवर घेतली म्हणून ती कायदेशीर होत नाही. अशी प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं हा कलम ६३बी खाली गुन्हा आहे. त्यात सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैदेऐवजी ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं.

दुसरी, मूळ डिस्क विकली की बॅकअप ठेवण्याचा आधारही गेला. डिस्क विकून इमेज ठेवणं किंवा ती मित्रांना वाटणं या सवलतीत बसत नाही. टेलिग्राम ग्रुपवर लिंक टाकणं तर नाहीच नाही.

तिसरी, कुलूप तोडण्याची. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षणाचं तांत्रिक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे हेतू महत्त्वाचा आहे. त्यामुळे स्वतःच्या डिस्कचा बॅकअप आणि पायरसी यात कायदा फरक करतो. पण कन्सोलमध्ये चिप बसवून घेण्याआधी दोनदा विचार करा. कंपनीची वॉरंटी जाते, ऑनलाइन खात्यावर बंदी येऊ शकते आणि हेतू सिद्ध करत बसण्याची वेळ तुमच्यावर येते.

शिवाय गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नसतो, त्यात संगीत, चित्रं आणि आवाजही असतात. म्हणून ही सवलत फार ताणू नका. स्वतःच्या डिस्कची, स्वतःच्या वापरापुरती प्रत, एवढ्यावर थांबलात तर सगळ्यात सुरक्षित.

मग सुरुवात कुठून करायची?

सगळ्या डिस्क एका दिवसात होणार नाहीत, आणि तसं करण्याची गरजही नाही. क्रम असा ठेवा.

आधी मेमरी कार्ड आणि सेव्ह. मग स्वतःच्या गेमच्या राइट केलेल्या बॅकअप डिस्क, कारण त्या आधी जातात. मूळ डिस्क अजून चालत असेल तर इमेज मूळ डिस्कचीच काढा, बॅकअपची नको. त्यानंतर आता बाजारात न मिळणारे गेम, विशेषतः भारतीय. मग जुन्या सीडी, मग डीव्हीडी. ब्लू-रे सगळ्यात शेवटी.

इमेज काढून झाल्यावरही मूळ डिस्क फेकू नका. नव्या कन्सोलला ती किल्ली म्हणून लागते आणि कायद्याच्या दृष्टीने मालकीचा पुरावाही तीच आहे. पाउचमधून काढून डबीत ठेवा, उभी ठेवा, आणि पत्र्याच्या खोलीतून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात हलवा. हे काम एप्रिलच्या आधी उरकलं तर बरं.